पाठमोरी माणसं

मामा शिव्या देताना तोंडातला ब्रश काढत नसत, त्यामुळे निम्म्या शिव्या कुणाला कळायच्याच नाहीत. कळायच्या तेवढ्या पुरायच्या. अंजूरकडच्या खाडीकाठच्या गावांत लग्नघराची पुढची भिंत रंगवायची म्हटलं की बोलावणं त्यांनाच जायचं, आणि ते आले की घरातल्या चारपाच जणांचा अपमान होणार हे लोक धरूनच चालायचे. रंगाचा डबा कुणी ओलांडला की शिवी. चहात साखर कमी पडली की शिवी. जास्त पडली तर ‘तुमची सून मना मारायला बसलीय’ असं तिच्या सासूला हाक मारून सांगायचे. एका नवऱ्यामुलाने ‘मामा, जरा मॉडर्न काढा’ म्हटलं, तर ब्रश त्याच्या हातात देऊन ते गोठ्यात जाऊन झोपले. संध्याकाळी मुलाच्या आईने विनवण्या करून त्यांना उठवलं.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी ते एकाही भिंतीवर लिहिलं नाही, तर मी कोण लिहिणार? आणि त्यांच्या बाबतीत न विचारता जे करायचं नव्हतं ते मी एकदा करून बसले आहे.

धामणकर नाक्याला आमचा फोटो स्टुडिओ. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. वडील लग्नाचे फोटो काढायचे आणि शाळा संपल्यापासून मी त्यांच्याबरोबर बॅग धरून जायचे. वडील गेल्यावर कॅमेरा माझ्याकडे आला. मामा मला आधी ‘फोटोवाल्याची पोर’ म्हणायचे, मग नुसतं ‘फोटोवाली’. त्यांच्या तोंडून हीसुद्धा शिवीच वाटायची.

भिंतीवर वरती गणपती, दोन बाजूंना कळस, मध्ये नवरानवरीची नावं. हे सगळेच पेंटर काढायचे. मामांचं वेगळं असायचं ते खाली. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वरात. वीतभर उंचीची माणसं, बेंजो वाजवणारे, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया, नाचणारी पोरं, मध्येच एखादं कुत्रं. आणि त्या वरातीत एक, कधी दोन माणसं अशी असायची की त्यांचं तोंड आपल्याकडे नसायचं. ती मांडवाकडे चाललेली असायची. आपल्याला त्यांची फक्त पाठ दिसायची.

ती घरातली मेलेली माणसं.

भिंतीला हात लावण्याआधी मामा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईसमोर जाऊन बसायचे आणि विचारायचे, “आपल्यातला कोन न्हाय लग्नाला?” मग नवरा, दीर, एखादा मुलगा, कुणाचं तरी नाव निघायचं. मामा फोटो बघायला तयार नसत. कुणी भिंतीवरचा हार घातलेला फोटो काढून आणला तर म्हणायचे, “ठेव तो. त्यात तो खुर्चीवर बसलाय. मना चालताना कसा व्हता ते सांग.” मग बाई सांगायची. उजवा पाय जरा ओढायचा. छत्री काखेत धरायचा, पाऊस असो नसो. पाठीला पोक होतं, पण लोकांसमोर ताठ चालायचा. मामा दोनदोन तास हे ऐकत बसायचे, आणि तेवढा वेळ त्यांच्या तोंडून शिवी निघत नसे.

लग्नाच्या दिवशी मांडवात शिरताना घरच्या बाया भिंतीपाशी थांबायच्या आणि बोट दाखवायच्या. “त्यो बग, तुजा आजा चाललाय.” मी हे पन्नास घरांत तरी पाहिलं असेल.

एका घरच्यांनी सांगितलं, आमचे नगरसेवक लग्नाला येणार आहेत, त्यांचाही चेहरा वरातीत पुढे काढा. मामा म्हणाले, “मेले का सांगा, काढतो.” त्या घरचं काम गेलं. पुढच्या दोन घरांचंही गेलं. मामांना त्याचं काही नव्हतं.

दुसरी त्यांची अट चुन्याची. लग्न होऊन पाचसहा महिने झाले, की ते स्वतः चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन यायचे आणि सगळी भिंत पांढरी करून टाकायचे. कुणी बोलावलेलं नसायचं. “पावना आला, जेवला, आता जाव दे त्याला,” एवढंच सांगायचे. अंजूरला एका घरी गोडाऊनसाठी जमीन दिल्यावर नवा बंगला झाला होता. त्यांनी मुलाच्या लग्नाची भिंत रंगवून घेतली, चित्र फार आवडलं म्हणून वरून चकचकीत वॉर्निश मारून घेतलं आणि मामांना निरोप पाठवला की येऊ नका. घरची मंडळी देवाला गेलेली बघून मामा आले, पॉलिश पेपरने वॉर्निश घासून काढलं आणि चुना मारून गेले. प्रकरण पोलीस चौकीपर्यंत गेलं. साहेबांनी विचारलं, “दुसऱ्याच्या भिंतीचं नुकसान का केलं?” मामा म्हणाले, “भित त्यांची हाय. त्यांच्या बापाला मी बोलावून आनला व्हता. मना त्याला पोचवायला नको?” साहेबांनी त्यांना पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

आता माझं सांगते.

वडिलांची एक पद्धत होती. लग्नाला गेलं की रोलचा पहिला फोटो त्या घराच्या भिंतीचा घ्यायचा. भिंतीवर नावं असायची, म्हणजे रोल धुतल्यावर कुठलं लग्न कुठलं ते कळायचं. सीझनला एका दिवशी तीन तीन लग्नं असत, घोटाळा होऊ नये म्हणून. मामांना ते माहीत होतं. त्यांनी वडिलांना बजावलं होतं, “काम झालं का जालून टाक.” वडील हो म्हणाले. वडिलांनी आयुष्यात एकही निगेटिव्ह जाळली नाही. सगळ्या पाकिटांत, पाकिटं पत्र्याच्या डब्यांत, डबे माळ्यावर. मी डिजिटल कॅमेरा घेतल्यावरही पहिला फोटो भिंतीचाच काढत राहिले. मग फ्लेक्स आले, नवरानवरीचे फोटो छापलेले बॅनर गावाच्या वेशीवर लागायला लागले आणि भिंती बंद झाल्या. मामांचं काम गेलं. माझ्या माळ्यावर मात्र त्यांच्या सगळ्या भिंती होत्या. ज्या ज्या त्यांनी पुसल्या त्या सगळ्या.

मुंबईच्या एका संस्थेची माणसं लोककलांचा डिजिटल संग्रह करत फिरत होती. कुणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवलं. ती माणसं डबे उघडून ‘अरे बापरे, अरे बापरे’ करत बसली. तोपर्यंत माझ्या फोटोंना कुणी अरे बापरे म्हटलेलं नव्हतं. लोक म्हणायचे, मावशीचा डोळा मिटलाय, दुसरा काढून दे. मी हुरळले. त्यांनी सगळ्या भिंती स्कॅन करून नेल्या, माझी एका कागदावर सही घेतली. मामांना विचारावं असं माझ्या मनात आलं होतं. ते नाही म्हणतील हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून मी विचारलं नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

दोनतीन वर्षं गेली. मग एका तरुण चित्रकाराचा फोन आला. फार गोड बोलणारा मुलगा. त्या संग्रहातल्या सगळ्या भिंती त्याने एआयला शिकवल्या होत्या, म्हणजे कॉम्प्युटर त्या बघून बघून स्वतः तशी चित्रं काढायला लागला होता. “ताई, आम्ही ह्या भिंती पुन्हा जिवंत केल्यात,” तो म्हणाला. अंजूरच्या रस्त्याला एका रिकाम्या गोडाऊनमध्ये प्रदर्शन होतं. त्याला गावातली माणसं यायला हवी होती. मी घरोघरी जाऊन बायांना सांगितलं, चला, तुमच्या भिंती मोठ्या पडद्यावर आल्यात. रिक्षा मी ठरवल्या. मामांना सांगितलं नाही, पण गावात असं काही लपत नाही. ते शेवटच्या रिक्षातून उतरले, इस्त्रीचा शर्ट घालून.

बायांमध्ये एक मावशी होत्या. त्यांची मुलगी चिमी नऊ वर्षांची असताना तापाने गेली होती. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मुलाचं लग्न झालं तेव्हा मामांनी भिंतीवर चिमी काढली होती. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, एका वेणीची रिबन सुटलेली, नाचणाऱ्या पोरांच्या मागे पळत चाललेली. पाठमोरीच. एका पावसाळ्यात खाडीचं पाणी घरात शिरलं तेव्हा मावशींच्या पेटीतले फोटो गेले. चिमीचा एकही फोटो घरात उरला नव्हता.

गोडाऊनच्या एका अख्ख्या भिंतीवर वरात सुरू झाली. मामांचीच माणसं, पण माणसाएवढी उंच, आणि चालत होती. बेंजो वाजत होता. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, एकमेकींना ढोसायला लागल्या. मलाही छान वाटलं, खोटं कशाला सांगू. मग पाठमोरी माणसं एकेक करून थांबली आणि आमच्याकडे वळली.

प्रत्येकाला चेहरा होता. कॉम्प्युटरने दिलेला. गुळगुळीत, सुंदर, आणि सगळे हसत होते. छत्रीवाला म्हातारा वळला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “ह्यो तर टीव्हीवरचा डॉक्टर दिसतो,” आणि लोक हसले. मग पिवळ्या फ्रॉकची मुलगी थांबली. रिबन सुटलेली. वळली, हसली आणि तिने हात हलवला.

माझ्या शेजारी मावशी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “ही कोन?”

त्यांनी माझा दंड धरला. “फोटोवाले, चिमीच्या फ्रॉकात ही कोन हाय?”

मामा मागून पुढे आले. चित्रकार मुलाला वाटलं कौतुक करायला आले. तो वाकून पाया पडायला गेला. मामांनी त्याला खांद्याला धरून सरळ उभं केलं.

“कोनी फिरवली ही मानसं?”

“बाबा, मशीनने. तुमच्याच चित्रांवरून शिकून.”

“मी फिरवलीत का कदी?”

“नाही ना, म्हणून तर. ह्या पाठमोऱ्या माणसांचे चेहरे कसे असतील, ही सगळ्या कामामागची उत्सुकता आहे.”

“कोनाला इचारलंस?”

“म्हणजे?”

“ह्या पोरीचं तोंड कसं व्हतं, ते कोनाला इचारलंस? ती बघ तिची आई बसलीय.”

मुलगा मावशींकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पडला, हे मी कबूल करते. “ही खरी मुलगी आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं, बाबा.”

“म्हनून इचारायचं असतं,” मामा म्हणाले. “आन ह्या भिती मी पुसल्यात. तुला कोनी दिल्या?”

तो मुलगा खोटं बोलणारा नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. “ताईंच्या संग्रहातून.”

त्या दिवशी मामांच्या तोंडात ब्रश नव्हता. मला दिलेली प्रत्येक शिवी गोडाऊनमधल्या प्रत्येक माणसाला नीट कळली. मग ते मावशींना उठवून घेऊन गेले. बाहेर रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला आणि पडद्यावर वरात पहिल्यापासून सुरू झाली. ती बंद करायची कुठून हे तिथल्या माणसाला सापडत नव्हतं.

दाराजवळ एक पाटी होती. तिच्यावर मूळ चित्रकार म्हणून ‘अज्ञात’ असं लिहिलं होतं. कुणाची चित्रं म्हणून संस्थेच्या माणसांनी मला विचारलं होतं, मी सांगितलं होतं, त्यांनी लिहून घेतलंही होतं. अज्ञात म्हणे. सहा किलोमीटरवर राहणारा माणूस, रिक्षाने येऊन त्या पाटीजवळून गेला. मी ती पाटी ओढून काढली आणि त्या मुलाच्या हातात दिली. तो सॉरी म्हणाला. तो फार छान सॉरी म्हणायचा.

आठवड्याने मावशी स्टुडिओत आल्या. जिना चढून दम लागला होता. पाणी प्यायल्यावर म्हणाल्या, “डोले मिटले का तीच येते. ती हासनारी. चिमीला आठवाया बसते तर तिच्या अंगावर हिचं तोंड येतं. मी काय करू?”

मी त्यांच्यासमोरच त्या मुलाला फोन लावला. तो ऐकून खरंच हळहळला. म्हणाला, तेवढा भाग प्रदर्शनातून काढतो. मी म्हटलं, मशीनमधून काढ. तर म्हणाला, “ताई, तसं होत नाही. तो चेहरा असा एका जागी ठेवलेला नसतो. सगळ्यातच मिसळलेला असतो.” मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामांच्या संगतीत एवढी वर्षं काढली ती वाया गेली नव्हती. पण फोन ठेवल्यावर मावशी तशाच समोर बसलेल्या होत्या.

मग मला सुचलं ते एवढंच, की चिमी जिवंत होती त्या वर्षांत वडिलांनी त्या गावात पुष्कळ लग्नांचे फोटो काढले होते. गावातल्या लग्नात गावातलं पोर असणारच. मी माळ्यावरून डबे काढले.

दुसऱ्या दिवसापासून मावशी रोज यायच्या. त्यांना घेऊन मामा यायचे. माझ्याशी ते एक शब्द बोलत नव्हते. मी निगेटिव्ह स्कॅन करून एकेक फोटो पडद्यावर लावायचे. हळद, पंगती, मांडवातली गर्दी. मावशी पोरांच्या घोळक्यात शोधायच्या. मामा बाकीची माणसं बघायचे आणि मध्येच म्हणायचे, “हा मेला.” थोड्या वेळाने, “हा पन मेला. चोर व्हता.” फोटो न बघणारा माणूस चार दिवस माझ्या स्टुडिओत खुर्चीवर बसून फोटो बघत होता. त्याबद्दलही माझ्या नावाने मनात शिव्या चालू असणार.

चौथ्या दिवशी दुपारी एका हळदीच्या पंगतीचा फोटो आला. कडेला एक मुलगी, पुढ्यात पत्रावळ, गाल फुगलेले, कपाळाला आठ्या, कॅमेऱ्याकडे रागाने बघणारी.

मावशींनी पडद्याला हात लावला. “ही.”

मी मोठा करून दाखवला. त्या खुर्ची ओढून पडद्याला चिकटून बसल्या. मग म्हणाल्या, “त्या दिवशी मी हिला मारली व्हती. नव्या बांगऱ्या पायजे म्हनून बसली व्हती हट्टाला. जेवाया बसवली ती अशीच रडून.” आणि त्यांना रडू फुटलं. त्या सांगायला लागल्या. चिमी फोटोला कधी हसायचीच नाही, तिचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता म्हणून लाजायची. झोपेत दात खायची. गोड तिला आवडत नसे, खारी सुकट नुसती खायची. सगळं येत गेलं, एकामागून एक.

मामा फोटो निरखत होते. “वेनी एकच दिसते,” ते म्हणाले. “तू मना दोन सांगितल्या व्हत्यास.”

“सनाला दोन घालायचे, भाऊ. त्या दिवशी मना टाईम न्हाय भेटला.”

मामांनी मान हलवली. मी फोटो छापून दिला. मावशी तो पदराखाली घेऊन जिना उतरल्या. मामा त्यांच्या मागे निघाले तेव्हा मी त्यांना हाक मारली. “मामा, बाकीच्यांचं काय करू? जाळून टाकू?”

ते वळले नाहीत. “मना काय इचारतेस? ज्याचं मानूस हाय त्याला इचार.”

तेव्हापासून मी तेच करते आहे. लग्नांचं काम सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, पाकिटं पिशवीत घालून घरोघरी जाते. काही जण म्हणतात जाळ, मी त्यांच्यासमोर अंगणात जाळते. काही जण ठेवून घेतात. एका घरात दोन भावांचं यावरून भांडण झालं, अजून मिटलेलं नाही. भिंती संग्रहातून काढा म्हणून संस्थेला मी चार पत्रं लिहिली. उत्तर आलं, तुमची सही आहे. त्या मुलाचं प्रदर्शन दुसऱ्या कुठल्या शहरात लागल्याचंही कळलं. माझा राग कमी झालेला नाही आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही. त्यातला निम्मा माझ्यावरच आहे, तोही तसाच राहू दे.

यादीतलं एक घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. मामांचं.

मुलीच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या घराची भिंत रंगवली होती. वडिलांनी त्या भिंतीचा फोटो घेतला होता. वरातीच्या शेवटी एक बाई, पाठमोरी, डोक्यावर पाटी, एका हाताने पाटी धरलेली आणि दुसऱ्या हाताने चपला. मामी. चिखल लागू नये म्हणून त्या चपला हातात घेऊन चालायच्या असं गावात सांगतात.

मी गेले तेव्हा मामा ओटीवर बसले होते. मी निगेटिव्ह त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. पट्टीत सगळं उलटं, काळ्याचं पांढरं झालेलं. तरी त्यांना ती लगेच सापडली.

“ही त्याच्या मशीनीत गेली?”

“हो.”

“ही पन फिरली का?”

मामा मावशींना घेऊन गेल्यावर गोडाऊनमध्ये वरात पुन्हा सुरू झाली होती, तेव्हा मी तिथेच होते. खोटं बोलायचं मनात आलं. “फिरली, मामा.”

त्यांनी निगेटिव्ह पुन्हा उजेडाकडे धरली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “हासत व्हती?”

“हो.”

“मग ती न्हाय,” मामा म्हणाले. “माज्याकडं बघून ती कदीच हासली न्हाय.” आणि त्यांनी निगेटिव्ह शर्टाच्या खिशात ठेवली.